चौघांची काजू फॅक्टरी: भांडवल कोणाचं, मालकी कशाची?

कुडाळी
मंडळी नमस्कार. कुडाळजवळ आम्ही चौघं मिळून काजू प्रक्रियेचं छोटं युनिट टाकायच्या बेतात आहोत. मी, माझा चुलतभाऊ, एक शाळूसोबती आणि त्याचा मेहुणा. जागा चुलतभावाची, म्हणजे काकांच्या नावावर. रोख पैसा बहुतांश मेहुण्याचा. तो पनवेलला नोकरी करतो, इकडे येऊन बसणार नाही. शाळूसोबत्याने दुसऱ्यांच्या फॅक्टरीत बॉयलरपासून ग्रेडिंगपर्यंत सगळं हाताने केलंय, पण त्याच्या खिशात काही नाही. माझ्याकडे थोडे पैसे आणि गावोगावच्या बागायतदारांच्या ओळखी.

फायदा कसा वाटायचा यावर रात्र रात्र बोलणं होतं. प्रत्येकी २५ टक्के असं जवळपास ठरलंही. परवा वडिलांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बुडाली तर कोणाचं काय जाणार ते आधी लिहा." त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), प्रायव्हेट लिमिटेड, सहकारी सोसायटी या सगळ्यांत माणूस नेमका कशाचा मालक होतो? आणि हे प्रकार आले कुठून? नुसती कलमं वाचून डोकं भंजाळलंय. त्यांच्या मागची गोष्ट कळली तर निवड सोपी होईल असं वाटतं. जाणकारांनी लिहावं.

हिशेबनीस
तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ भागीदाऱ्या फायद्याची टक्केवारी घेऊन येतात आणि तोट्याची घेऊन भांडतात.

२५ टक्के कशाचे, हे आधी बघू. काजूच्या धंद्यात लोकांना वाटतं भांडवल म्हणजे बॉयलर, कटर, ड्रायर. ती रक्कम एकदा घातली की डोळ्यांसमोर दिसत राहते. खरा पैसा अडकतो तो बीमध्ये. बी येणार मार्च ते मे, आणि फॅक्टरी वर्षभर चालवायची तर वर्षाची बी त्याच तीन महिन्यांत रोख मोजून गोदामात भरायची. साधारण चार किलो बी फोडली की किलोभर गर हातात येतो. म्हणजे दहा टन गर विकायचा तर चाळीस टन बी आधी विकत घ्या, वाळवा, पोती रचा आणि दिवाळीपर्यंत वाट बघा. मधे गराचा भाव पडला तर मशीन जागच्या जागी असतं, पण भांडवल गेलेलं असतं.

आता कायदा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात काही लिहिलं नसेल तर नफा समान आणि तोटाही समान. कोणी दहा लाख घातले आणि कोणी दहा हजार, कायदा ते बघत नाही. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमाने प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रित आणि एकट्यानेही जबाबदार असतो. बागायतदारांचे वीस लाख थकले तर ते चौघांकडून पाच-पाच मागत बसणार नाहीत. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून वीस मागतील. तुमच्या बाबतीत तो पनवेलचा मेहुणा. त्याला हे माहीत आहे का?

जागेचं वेगळं. चुलतभावाने जागा फर्मच्या भांडवलात घातली तर ती फर्मची मालमत्ता होते, म्हणजे चौघांची. फर्मला नुसती वापरायला दिली तर ती काकांचीच राहते. लोक हे बोलत नाहीत आणि पुढे पोरं कोर्टात जातात.

सोनसाखळी_खाडी
वाचतेय. छान विषय.

रापणकार मालवणचो
भावा, ती लिमिटेड-बिमिटेड भानगड माका कळणा नाय. रापणीचो हिशेब सांगतय.

आमच्या वाडीतल्या रापणीत जाळा एका मालकाचा नाय. दरेक घराचो आपापलो तुकडो, ते जोडले की रापण तयार. होडी संघाची, दोर संघाचे. होडी जाळा सोडीत दर्यात अर्धो फेरो मारता आणि दोनय टोकांचे दोर किनाऱ्यार येतत. मगे बायलमाणसा, पुरुष, पोरा सगळी ओढूक लागतत. मासो इकलो की आधी होडयेचो आणि दुरुस्तेचो खर्च बाजूक काढूचो, मगे वाटे पाडूचे. जाळ्याच्या तुकड्याचो वाटो वायलो आणि अंगमेहनतीचो वाटो वायलो. जेचो तुकडो आसा आणि जो ओढूक पण इलो तेका दोनय. म्हातारो झालो, ओढूक जमना नाय, तरी तुकड्याचो वाटो घराक पोचता. परगावचो कोण येवन दोर ओढूक लागलो, तेका अंगाचो वाटो गावता, तुकड्याचो नाय.

आणि मासो गावलो नाय तर कोणाकच काय नाय. थंय कोण कोणाक नोटीस धाडणा नाय.

चिकित्सक
रापणकारांनी चार ओळींत सांगितलं ते फार मोलाचं आहे. कुडाळी, तुमच्या चौघांत तुकड्याचा वाटा कोणाचा आणि अंगाचा कोणाचा हे वेगळं काढा, अर्धा गुंता तिथेच सुटेल. मेहुण्याचा फक्त तुकडा. शाळूसोबत्याचं फक्त अंग. तुमचं दोन्ही. चुलतभावाचा ना तुकडा ना अंग, त्याची नुसती जागा, आणि जागेला भाडं असतं.

हिशेबनीसांच्या मुद्द्याला जोडून एक गंमत. एकत्र व्यापार करणाऱ्यांसाठी आपल्याकडे फार जुने नियम आहेत, धर्मशास्त्रात त्याला संभूय समुत्थान म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतीतला नियम असा की व्यापाऱ्यांनी मिळून धंदा केला तर लाभ आणि हानी ज्याच्या त्याच्या द्रव्याच्या प्रमाणात, किंवा आपसांत जसं ठरलं असेल तसं. म्हणजे करार नसेल तर भांडवलाप्रमाणे वाटणी. आणि १९३२ चा कायदा म्हणतो, करार नसेल तर समान. दोन्हींमागे वेगळा विचार आहे. जुना नियम द्रव्याकडे बघतो. इंग्रजी कायदा माणसांकडे बघतो, चौघं एकमेकांवर भरवसा ठेवून आली म्हणून चौघं सारखी. मला विचाराल तर व्यवहारात जुना नियम जास्त शहाणा. पण तो लिहून घ्यावा लागेल, नाहीतर १९३२ चा लागू होईल.

दर्यावर्दी७७
रापण गेली हो आता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात या, ट्रॉलरचा हिशेब बघा. डिझेल, बर्फ, रेशन वजा. उरलेल्यातला मोठा वाटा बोटमालकाचा, मग तांडेलाचा (बोटीवरच्या म्होरक्याचा), मग खलाशांचा. मासळी नाही मिळाली की खलाशाची आगाऊ उचल अंगावर. म्हणजे नफ्यात वाटेकरी आणि तोट्यात कर्जदार. त्याला भागीदार म्हणायचं का?

हिशेबनीस
@दर्यावर्दी, कायदा म्हणतो नाही. नफ्यातला वाटा घेतला म्हणून कोणी आपोआप भागीदार होत नाही, हे ६ व्या कलमात स्पष्ट आहे. नोकराला पगाराऐवजी नफ्यातला हिस्सा देता येतो, सावकाराला व्याजाऐवजी देता येतो. भागीदार तो, ज्याच्या वतीने धंदा चालतो आणि जो इतरांना बांधून टाकू शकतो. खलाशी बोटमालकाच्या नावाने डिझेल उधार घेऊ शकतो का? नाही ना?

सातबारा
इथे खोतीची, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करायच्या वतनाची, आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात अर्धेल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. कुळाने राबायचं आणि निम्मं पीक खोताच्या खळ्यावर नेऊन टाकायचं, कुठे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. तिथेही वाटणीच होती की! पण जमीन कुळाची नाही, निर्णय कुळाचा नाही, आणि पाऊस गेला तर उपास मात्र कुळाचा.

उलट खोतांच्या आपसांत पक्की भागीदारी. एका गावाच्या खोतीत भाऊबंदांच्या तक्षिमा म्हणजे ठरलेले हिस्से असायचे, आळीपाळीने एकेकाने व्यवस्था बघायची आणि वसूल तक्षिमेप्रमाणे वाटायचा. १८८० च्या खोती कायद्यात व्यवस्था बघणाऱ्या खोताची तरतूद आहे. म्हणजे हिस्सेदार अनेक आणि कारभारी एक, ही रचना आपल्याला कंपन्यांनी शिकवली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तेव्हा सामायिक मालकी म्हटलं की काहीतरी उदात्त असतं हा समज आधी काढून टाका. सामायिक कोणांमध्ये, आणि बाहेर कोण राहिलं, तेवढंच विचारायचं.

आणि हो, तुमच्या काकांच्या सातबाऱ्यावर आणखी किती नावं आहेत? कोकणात 'काकांची जागा' म्हणजे बहुतेक वेळा काका, दोन आत्या आणि मुंबईची तीन बिऱ्हाडं असतात. बँक तो उतारा बघूनच फाइल बंद करते.

कुडाळी
@सातबारा, दुखरी नस पकडलीत. आत्यांची नावं आहेत.

वखारीमागचा
उशिरा आलो. इतिहास मागितलाय म्हणून जरा लांबण लावतो.

समुद्रावरच्या व्यापारात पैसा एकाचा आणि जिवाचा धोका दुसऱ्याचा, ही अडचण सगळ्या बंदरांना होती. मध्ययुगात जेनोवा आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी कोमेंडा नावाचा करार वापरला. एक जण घरी बसून पैसा लावणार, दुसरा माल घेऊन जाणार. परत आल्यावर नफ्याचे तीन हिस्से पैसेवाल्याचे आणि एक हिस्सा प्रवास करणाऱ्याचा. जहाज बुडालं तर पैसेवाल्याचे तेवढे पैसे गेले, त्याच्या घरावर कोणी येणार नाही. अरबी व्यापाऱ्यांत याच धर्तीचा मुदारबा होता. पण हे सगळे करार एका फेरीपुरते. जहाज आलं, हिशेब झाला, भागीदारी संपली.

इथून पुढची उडी ज्यांनी मारली त्यांची पडकी वखार आमच्या वेंगुर्ल्यात उभी आहे. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात ठाणं केलं. आज भिंती आणि झाडोरा उरलाय, पर्यटक सेल्फी काढतात आणि जातात. ज्या कंपनीची ती वखार, ती डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत कोणालाही येऊन वहीत नाव आणि रक्कम लिहायची मुभा होती. एकूण भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर (डचांचं नाणं). एकट्या अ‍ॅमस्टरडॅमच्या वहीत अकराशेच्या वर नावं आहेत, आणि त्यांत एका संचालकाच्या घरी काम करणाऱ्या मोलकरणीचंही आहे, १०० गिल्डरसह.

आता गंमत बघा. दहा वर्षांनी हिशेब करून ज्याला हवेत त्याला पैसे परत मिळतील असं आधी कबूल केलं होतं. १६१२ आलं आणि तो हिशेब झालाच नाही. पैसा गोदामांत, जहाजांत, किल्ल्यांत अडकला होता, परत कुठून देणार? (हिशेबनीसांची चाळीस टन बी आठवली.) मग बाहेर पडायचं कसं? आपलं नाव दुसऱ्याला विकून. वहीतल्या नावाखाली नवं नाव. कंपनीतून पैसा बाहेर जात नाही, फक्त माणूस बदलतो. शेअरबाजार नावाची गोष्ट या अडवणुकीतून वाढली. नफ्याची पहिली वाटणी १६१० मध्ये झाली, तीही मुख्यतः जायपत्रीच्या रूपात. रोकड नव्हती, माल होता. आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागेत जायफळ लावणाऱ्यांना कल्पना येईल की इतकी जायपत्री एकदम बाजारात आल्यावर तिच्या भावाचं काय झालं असेल. एक बडा भागधारक, इसाक ल मेर, संचालक हिशेब दाखवत नाहीत म्हणून १६०९ मध्येच तक्रार घेऊन उभा राहिला होता, आणि त्याच सुमारास स्वतः जवळ नसलेले शेअर विकून भाव पाडायच्या उद्योगातही होता. सगळे खेळ पहिल्याच दहा वर्षांत खेळून झाले.

इंग्रज मागे होते. त्यांची कंपनी १६०० सालची, पण सुरुवातीला दर सफरीची वर्गणी वेगळी. कायमचं भांडवल १६५७ मध्ये आलं. त्यांची राजापूरची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली, कारण पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. त्या नुकसानीची भरपाई ते मागत राहिले. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला तेव्हाही राजापूरचं देणं त्याच्या यादीत होतं. वखारीतली माणसं बदलली, पण दावा चालूच, कारण नुकसान कंपनीचं होतं. कंपनी ही वेगळी व्यक्ती म्हणजे काय, हे याहून चांगलं मला समजावता येत नाही. तुमच्या चौघांपैकी एक उद्या गेला तर साधी भागीदारी, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, मोडते. कंपनी किंवा एलएलपी मोडत नाही.

खवट_खोबरं
शेवटी या भागधारकांनीच देश गिळला ना? मोलकरणीचे १०० गिल्डर वगैरे ऐकायला गोड आहे. जिथून जायपत्री यायची त्या बांदा बेटांवरच्या लोकांची याच डच कंपनीने १६२१ मध्ये कत्तल केली.

वखारीमागचा
@खवट_खोबरं, पूर्ण मान्य. नफा घेणारा आणि तलवार चालवणारा यांच्यात हजारो मैल असले की नफा घेणाऱ्याला झोप छान लागते. मर्यादित जबाबदारीची ती दुसरी बाजू आहे.

गिरणगाव_ते_गाव
आता मुंबईबद्दल बोलू, कारण कोकणाचं भांडवल मनिऑर्डरने आलंय.

मर्यादित जबाबदारीचा कायदा हिंदुस्थानात १८५७ मध्ये आला. म्हणजे शेअरचे पैसे भरले की पुढे घरादारावर जप्ती नाही. आठ वर्षांत मुंबईने त्याचा फडशा पाडला. अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस बंद, आपल्या कापसाला सोन्याचा भाव. शहरात पैसा मावेना, रोज नवी कंपनी, समुद्र हटवायच्या बॅकबे कंपनीचे शेअर आकाशात. त्यातही बरेचसे शेअर अर्धवट भरलेले, म्हणजे कंपनीने मागितल्यावर उरलेले भरायचे. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, आणि मागणी आली तेव्हा भरायला कोणाकडे काही नव्हतं. शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. जबाबदारी मर्यादित असली तरी 'न भरलेली' रक्कम तुमच्याच अंगावर असते, हे कुडाळींनी लक्षात ठेवावं. वडाखालच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना केली, तीच आजची बीएसई, मुंबईचा शेअरबाजार.

आणि गिरण्या. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, तीही शेअर विकून. पुढे त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं बोटी भरभरून गेली. माझे आजोबा त्यांतले. शेअर कोणाकडेच नव्हता. आणि गंमत म्हणजे शेअर ज्यांच्याकडे होते त्यांच्याही हातात फार काही नव्हतं. कारभार मॅनेजिंग एजंटांकडे, म्हणजे करारावर गिरणी चालवणाऱ्या पेढ्यांकडे. अनेक गिरण्यांत त्यांचं कमिशन उत्पादनावर किंवा विक्रीवर, गिरणीला नफा होवो न होवो. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० साल लागलं.

कामगारांनी मालक व्हायचा मोठा प्रयोग मुंबईत झाला तो कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये. आजारी कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी सोसायटीने घेतला. मालक आणि कामगार एकच झाल्यावर पगारवाढ मागायची कोणाकडे, हा प्रश्न तिथे खरोखर उभा राहिला.

चिपळूणकर_बाई
+१. खूप माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

माहेर_गुहागर
इतक्या मोठ्या गोष्टींत आमची छोटी. आमच्या बचत गटाने मसाला कांडायला पल्व्हरायझर घेतला, गटाच्या पैशांतून आणि थोड्या कर्जातून. बारा जणी. चार वर्षं उत्तम चाललं. मग एकीला मुलाकडे ठाण्याला जायचं ठरलं. ती म्हणाली, माझी बचत द्या आणि मशीनमधला बारावा हिस्सा द्या. बचतीचा प्रश्नच नव्हता, पासबुकात होती. मशीनवर अडलं.

ती म्हणे, आज नवीन घ्यायला गेलात तर किती पडेल त्याचा बारावा भाग. खजिनदार म्हणे, आज विकायला काढलं तर भंगारवाला देईल त्याचा. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिसरी म्हणाली, मशीनची किंमत सोडा, आपल्या मसाल्याला आता गिऱ्हाईक आहे, ते तिच्याही हाताने आलंय, त्याचं काय? तीन महिने बैठकीत दुसरा विषय नाही. कोणी लबाड नव्हतं हो. तिघींचंही खरं होतं.

शेवटी बिलाच्या किमतीतून दर वर्षाचा घसारा (झिजेपोटीची घट) वजा करून मधला आकडा काढला आणि तो आम्ही सहा हप्त्यांत दिला, कारण एकदम द्यायला पैसेच नव्हते. आता नवीन सभासद घेताना हे आधी लिहून सही घेतो. कुडाळीदादा, आत यायचा कागद सगळे करतात. बाहेर जायचा करा.

हिशेबनीस
ताई, दंडवत. मी फी घेऊन जे सांगतो ते तुम्ही फुकट सांगितलंत. तुमच्या तिसरीचा मुद्दा, तयार झालेलं गिऱ्हाईक, त्याला आम्ही नावलौकिकाची किंमत म्हणतो आणि त्यावर मोठमोठे खटले चालतात.

कोकणकन्या_लेट
मालकी आणि कर्ज यातला फरक बघायचा तर आपली कोकण रेल्वे. १९९० मध्ये कंपनी काढली तेव्हा भांडवलात केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६, केरळ ६. पण तेवढ्या भांडवलात सह्याद्री पोखरून होत नाही, म्हणून मोठी रक्कम करमुक्त रोख्यांतून उभी केली. रोखे घेणाऱ्याला व्याज, गाडी लेट असो वा दरड कोसळो. भागधारकाला मात्र आधी सगळ्यांचं देऊन उरलं तर. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पुरा सुरू झाला. त्या व्याजाचं ओझं कंपनीने वर्षानुवर्षं वाहिलं. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा विषय निघतो तेव्हा चार राज्यांची संमती का लागते याचं उत्तर त्या टक्क्यांत आहे. ते नुसते प्रवासी नाहीत, हिस्सेदार आहेत.

खवट_खोबरं
मग एन्रॉनचंही येऊ द्या. त्यांच्या दाभोळच्या वीज कंपनीत आपल्या राज्य वीज मंडळाला १५ टक्के हिस्सा मिळाला होता आणि वीज विकत घेणारही तेच मंडळ. मालक म्हणून महाग विकायची आणि गिऱ्हाईक म्हणून महाग घ्यायची.

सातबारा
एन्रॉनसाठी वेगळा धागा काढा, हा वाहून जाईल.

दर्यावर्दी७७
सहकाराचं कोणीच बोललं नाही? पश्चिम महाराष्ट्र सहकारी साखर कारखान्यांवर उभा राहिला, आपण का नाही?

चिकित्सक
सहकारात मूळ कल्पनाच वेगळी. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी दुकान काढलं तेव्हापासून नियम असा की शेअर कितीही घ्या, मत एकच. डच कंपनीत पैसा बोलतो, सोसायटीत डोकं मोजतात. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातही सभासदाला एक मत, लाभांशाला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा. म्हणजे भांडवलाला भाडं मिळेल, राज्य मिळणार नाही.

कोकणात सहकार नव्हताच असं नाही. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था म्हणून जिचं नाव घेतात ती रत्नागिरीजवळच्या कर्ल्याची, १९१३ सालची. पण ऊस तोडला की काही तासांत गाळावा लागतो, शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले. आमच्याकडे आंबा पेटी भरून वाशीला जातो, काजूबी गोणीत भरून माडीवर ठेवता येते. चार पैसे जास्त देणारा व्यापारी दारात आला की सभासद सोसायटीला विसरतो. त्यात निम्मे बागायतदार मुंबईत. हे माझं मत, आकडेवारी नाही.

आता उत्पादक कंपनी हा मधला प्रकार आहे, २००२ च्या दुरुस्तीने आलेला. किमान दहा उत्पादक हवेत, एक सभासद एक मत, पण रचना कंपनीची. कुडाळींच्या चौघांना ते लागू नाही. मात्र त्यांना बी पुरवणारे बागायतदार उद्या तशी कंपनी काढून त्यांच्याच शेजारी फॅक्टरी टाकू शकतात.

रापणकार मालवणचो
टाकूंदेत. बी खयसून आणतले मगे हे चौघे?

कुडाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून काल चौघांत वाचला. मेहुणा व्हिडिओ कॉलवर होता. २५ व्या कलमाशी आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. आतापर्यंत ठरलंय ते असं.

साधी भागीदारी नको, एलएलपी करतोय. जागा भांडवलात नाही, भाड्याने. मेहुण्याच्या पैशातला निम्मा भाग कर्ज म्हणून, ठरलेल्या व्याजाने, आणि निम्माच भांडवल. रापणीसारखे दोन वाटे वेगळे काढले आहेत. काम करणाऱ्या दोघांना आधी महिन्याचा मेहनताना, तो अंगाचा वाटा. उरलेला नफा तुकड्यांप्रमाणे. शाळूसोबत्याचा तुकडा आज छोटा, पण दर वर्षी कामाच्या बदल्यात थोडा वाढत जाईल. तोटा आला तर त्याच्याकडून रोख मागायची नाही, त्याचा वाढलेला तुकडा कमी होईल. बाहेर पडणाऱ्याचा हिशेब गुहागरच्या ताईंसारखा, हप्त्यांत.

एकच गोष्ट अडली. हिस्सा विकत घेताना ३१ मार्चचा ताळेबंद धरू म्हटलं, तर शाळूसोबती म्हणाला, मार्चअखेर गोदाम भरत असतं, भाव ठरलेला नसतो, त्या दिवशीची किंमत म्हणजे अंदाजपंचे. त्याचं पटलं, पण मग कुठली तारीख?

हिशेबनीस
तुमचा शाळूसोबती हुशार आहे, त्याचा तुकडा लवकर वाढवा. आयकराचा हिशेब ३१ मार्चलाच होणार, त्याला इलाज नाही. पण बाहेर पडण्यासाठी करारात वेगळी तारीख घालता येते. दिवाळीची विक्री झाल्यानंतरची घ्या, माल कमी आणि रोकड जास्त असते तेव्हा भांडण कमी होतं. उरलेली बी खरेदीचा भाव किंवा त्या दिवशीचा बाजारभाव, यातला जो कमी तो धरून मोजा.

कामाला भांडवल धरायची सोय एलएलपीच्या कायद्यात आहे, २००८ च्या. मात्र त्याचं मोल किती ते आकड्यात लिहा. आणि मर्यादित जबाबदारीवर फार विसंबू नका. बँक खेळत्या भांडवलाचं कर्ज देताना चौघांचीही वैयक्तिक हमी मागेल, आणि हमीवर सही केलीत की तेवढ्यापुरती मर्यादा संपली. मेहुण्याने सही करायची की नाही ते आत्ता ठरवा, बँकेत मॅनेजरसमोर नको.

सातबारा
भाडेकरार अकरा महिन्यांचा करू नका. बॉयलर बसवून झाल्यावर बाराव्या महिन्यात काकांच्या घरात वेगळं वारं वाहू शकतं. निदान दहा वर्षांचा, नोंदणी केलेला. आणि दोन्ही आत्यांच्या सह्या आधी घ्या. मे महिन्यात गावी येतील तेव्हाच काय ते.

कुडाळी
धाकटी आत्या गणपतीशिवाय येत नाही. बोरिवलीला जाऊन सही आणतो.